पाटाच्या वरचा निळा चौकोन

चहाचा कप ओठांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पडद्यावर लोणी भापकरचा चौकोन निळा होता. फिकट नव्हे, चांगला गडद. गेल्या आठवड्याचा पाऊस सत्तेचाळीस मिलिमीटर. मी कप खाली ठेवला, आकडा पुन्हा वाचला आणि नकळत टेबलाखाली पाहिलं. पायांत चपला होत्या आणि चपलांवर काल लोणी भापकरच्या छावणीत बसलेली धूळ होती, पिठासारखी, पांढुरकी, बोटानं पुसली तर बोटालाच चिकटणारी. सकाळी जळोचीला घरून निघताना घाईत ती झटकायची राहिली होती. सत्तेचाळीस मिलिमीटर पाऊस झालेल्या गावची धूळ. आधी वाटलं, मला आश्चर्य वाटतंय. पण आश्चर्यानं कान तापत नाहीत. कान तापले, मग मानेमागचा भाग, मग डोळ्यांच्या आत कुठंतरी, आणि मला कळलं की हा राग आहे. तो आत्ता आलेलाही नव्हता. आधीपासूनच आत बसून होता, आज त्याला फक्त कुणीतरी नावानं हाक मारली होती.

आमचं ऑफिस भिगवण रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर. उपग्रह जमिनीवरून वर येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजतो, त्यावरून आम्ही पावसाचा अंदाज काढतो, बारामती आणि इंदापूर तालुक्यांचे चौकोन पाडून रंगवतो आणि दर सोमवारी नकाशा पाठवतो. नकाशाच्या तळाशी 'तपासणी' या शब्दापुढे माझं नाव असतं. अंजली. नकाशा जातो पुण्याच्या एका संस्थेकडे. ऐन पावसाळ्यात पावसानं ओढ दिली म्हणून या संस्थेनं जिरायती गावांत जनावरांच्या छावण्या घातल्यात, आणि छावणी कधी उठवायची हे ती आमच्या नकाशावरून ठरवते. आठवड्यात चाळीसच्या वर पाऊस दिसला की शिवारात आता हिरवं फुटणार असं धरायचं आणि आठ दिवसांत जनावरं घरी पाठवायची. नियम चांगला आहे. पाऊस पडला असेल तर. लोणी भापकरच्या छावणीत माझा भानुदासमामा आहे, त्याची कालवड आहे आणि दिवस भरत आलेली गाभण गाय आहे, चांदी. मामाची विहीर होळीलाच आटली. टँकर येतो तो छावणीवर, वस्तीवर नाही. नकाशा संध्याकाळपर्यंत गेला की चांदी पुढच्या सोमवारी उघड्या अंगणात उभी असणार, समोर रिकामी गव्हाण, आणि का, तर पाऊस झाला म्हणून.

काल रविवारी मी तिथंच होते. छावणीचा वास अजून ओढणीला आहे: शेण, पेंड, कापलेल्या उसाचा आंबूस गोडसर वास. जनावरांना ऊसच तोडून घालतात आता, दुसरं काही हिरवं उरलेलं नाही, आणि तो ऊस खालून येतो, पाटाच्या पट्ट्यातून. मामा दावणीपाशी बाज टाकून राहतो. मला बघून उठला, चांदीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बघ, तुझ्यासाठी थांबलीया. मामी म्हणती अंजी आली की व्यायची." मग नेहमीचा प्रश्न, "काय म्हणतुय तुझा उपग्रह?" शेजारच्या बाजेवरून गेणूतात्यांनी मामाला बोलूच दिलं नाही. "त्येला म्हणावं जरा खाली उतर, शेणात पाय घाल, मंग कळंल." चार माणसं हसली. ढग होते डोक्यावर, अगदीच नव्हते असं नाही, पण वाऱ्यावर नुसते पळत होते, कुठं कामाला निघाल्यासारखे. बोलायचं म्हणून मी सांगितलं की आपल्याकडचा पुष्कळसा पाऊस वर बर्फच असतो, खाली येताना वितळतो, आणि उपग्रह खरं तर तो वरचा बर्फ बघतो. मामाचे डोळे मोठे झाले. "मजी आपल्या हितं बर्फ पडतुय?" "व्हय मामा. वर." "वर व्हय," गेणूतात्या म्हणाले, "मग आमच्या वाटंचाच कुठं वितळतुय? वाटंत खातंय कोण? तितं बी सोसायटी हाय काय?" पुन्हा हसू. मीही हसले. पंधरा दिवस थेंब नाही, असं मामा त्या हसण्यातच म्हणाला, पाऊस हा कुणीतरी न आलेला पाहुणा असल्यासारखा, म्हणजे त्याच्याबद्दल फार बोलणंही बरं नाही.

त्या बर्फावर हसताना मला वर्ग आठवत होता. एमएस्सीला पुण्यात असताना आमच्या सरांनी एक पूर्ण तास हिमवृष्टीवर घेतला होता. पांढऱ्या जमिनीवर पांढरं पडतंय, आणि वरून बघणाऱ्यानं पडतंय किती आणि आधीचं पडलेलं किती हे वेगळं करायचं. मी लागोपाठ तीन प्रश्न विचारले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, बारामतीत बर्फ पडतो का गं? सर हसले नाहीत. म्हणाले, हिचा प्रश्न बर्फाचा नाही, जमिनीचा आहे. जमीन स्वतःच बोलत असते, तिचं बोलणं वजा केल्याशिवाय वरचं ऐकू येत नाही. ते वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेनं अखंड काहीतरी बाहेर टाकत असते. दगड, भिंत, बैल, मी. कोरडी जमीन भरभरून टाकते, म्हणून उपग्रहाला ती उबदार, उजळ दिसते. पाणी हात आखडतं, म्हणून ते थंड, काळं दिसतं. जमीन भिजली की तीही गप्प होते. त्या वेळी मला वाटायचं की सगळं जग एका मंद कुजबुजीत आहे आणि आपण ती ऐकायला शिकतोय. परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहाच्या भिंतीला गाल लावून मी विचार करत बसले होते की ही भिंत आत्ता माझ्याशी कुठल्या वारंवारितेत बोलते आहे. आता त्या मुलीचा मला राग येतो. तिला कुणी सांगितलं नव्हतं की ऐकणाऱ्याचा कान वीस-तीस किलोमीटर रुंद आहे. उपग्रह एका नजरेत जमिनीचा जो लंबगोल तुकडा टिपतो, त्यात तिचा मामा, त्याची गाय, छावणी, डोंगर, पाट, ऊस, सगळं एकदम पडतं आणि एक आकडा होऊन बाहेर येतं. सरासरी. शाळेत सरासरी शिकवतात तेव्हा ती किती निरुपद्रवी वाटते.

"काय गं, मामाच्या गावाला पाऊस पाडलास वाटतं?" शेजारच्या खुर्चीत सौरभ येऊन बसला होता. सौरभ माझ्याबरोबरच लागला, इंदापूर तालुक्यातला, पाटाखालचा, बोलायला चांगला, आणि आपलं सगळं चांगलंच चाललंय याची त्याला कधी लाज वाटत नाही. मी त्याच्याकडे न बघता विचारलं, "शुक्रवारी-शनिवारी कुठं होतास?" "घरी. पाटाला पाणी सुटलंय ना. आमची पाळी होती. दोन दिवस उसाला पाण्याच्या बाऱ्याच देत होतो, कंबर गेली." त्यानं कंबर धरून दाखवली. "काय पाणी सोडलंय या वेळी! घाटात धरणं भरली ना. सगळा पट्टा एकदम भिजला. बांधावर पाय ठेवला तर पाय आत." आणि मग तो माझ्या पडद्याकडे बघून थांबला. मीही थांबले. दोघांनाही तेच एकदम कळलं, आणि त्याला कळलं याचाही मला राग आला, कारण त्याच्या तोंडावर मजा होती. गणित सुटल्याची मजा. "अरे बाप रे," तो म्हणाला. "आमचा पाट!"

त्यांचा पाट. लोणी भापकर पाटाच्या वर आहे. आमच्या भागात गावाची ओळख एवढ्या एका शब्दात होते, वरचं की खालचं. मी सात-आठ वर्षांची असताना सुट्टीत मामानं मला सायकलच्या दांडीवर बसवून पाट दाखवायला नेलं होतं. दुसरी मुलं जत्रा बघायला जातात, मी पाट बघायला गेले. इतकं पाणी एका जागी, आणि तेही कुठंतरी निघालेलं, मी पहिल्यांदा पाहिलं. काठावर बसून मी पाय आत सोडले तेव्हा मामानं मागून माझा फ्रॉक मुठीत धरून ठेवला होता. मी विचारलं, मामा, हे आपल्याकडं का येत नाही? तो म्हणाला, "पानी उताराला जातं, पोरी. आपुन चढाला." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पाण्याचा तो धर्मच आहे, त्याला काय करणार, असा आवाज. परतताना चढ लागला तेव्हा तो खाली उतरून मला बसवलेली सायकल ढकलत होता, आणि मला पाठीवर त्याचा श्वास लागत होता. इतक्या वर्षांत ते पाणी हातभरही वर चढलं नाही. निवेदनं झाली, मोर्चे झाले, नेत्यांनी माइकवरून चढवलं, पण पाणी चढलं नाही. आणि गेल्या आठवड्यात ते चढलं. उपग्रहाच्या एका फेरीत चढलं. सौरभसारख्यांच्या उसात मुरलेलं पाणी त्या लंबगोलातून सरकत गेलं आणि माझ्या मामाच्या नावावर पाऊस म्हणून पडलं. ज्यांना ते मिळालं त्यांनाही मिळालं, आणि ज्यांना नाही मिळालं त्यांनाही मिळाल्याचं सिद्ध झालं. पाणी जे करू शकत नाही ते चूक करू शकते.

मी तपासत बसले. राग असताना हात फार स्वच्छ चालतात. वरच्या वारंवारितेत, जिथं ढगातला बर्फ लहरी विखरून टाकतो आणि पावसाच्या जागी थंड डाग दिसतो, तिथं काहीच नव्हतं. आठवडाभराच्या सगळ्या फेऱ्या सपाट, उबदार. वर बर्फ नाही, पाऊस नाही. खालच्या वारंवारितेत मात्र थंडपणा होता, आणि तो ढगासारखा पसरलेला नव्हता. मी रंग ताणून फरक ठळक केला तसा तो लांब, वळणावळणाचा पट्टा झाला. दोन्ही कडा फुगलेल्या, कारण लंबगोल मोठा, पण वळणं ओळखू येत होती. पाट. आमच्या गणिताला असं शिकवलंय की या भागात जमीन अचानक भिजलेली दिसली तर पाऊस पडला असणार. कुणी शिकवलं असेल? जिथं जमीन फक्त पावसानंच भिजते अशा कुठल्यातरी देशातल्या माणसानं. त्याचा दोष नाही. त्याला पाटाची पाळी म्हणजे काय माहीत नसणार. पण आम्हाला माहीत आहे. या मजल्यावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, पाटाला पाणी आलं की निम्मं ऑफिस सुट्टीवर असतं. पाच चौकोन होते तसे, पट्ट्याच्या वरच्या कडेला. लोणी भापकर, आणि त्याच्या शेजारची चार गावं. पाचही गावांत छावण्या.

मानसिंग सरांच्या केबिनमध्ये एसी इतका गार असतो की तिथं राग बोलायला लागला की तो उद्धटपणासारखा ऐकू येतो. सर ऑफिसचे मालक, वय पस्तीसच्या आत, सगळ्यांना हसून बोलतात. मी आलेख पुढे ठेवले. त्यांनी नीट पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

मी याची तयारी केली नव्हती. "बरोबर आहे?"

"पाणी सुटलं की होतं असं. हंगामात एकदोनदा. पुढच्या आवृत्तीत बघू आपण."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, परिपूर्ण असं काही नसतं." वीज गेली होती, आली, हे सांगावं तसा आवाज.

"मागच्या वेळी पाणी सुटलं तेव्हा काय झालं?"

"मागच्या वेळी कुणी काही बोललं नाही," ते म्हणाले, आणि हे उत्तर पुरेसं आहे असं त्यांना खरोखर वाटत होतं. मी जानेवारीत लागले. माझ्या आधी इथं कोण बसायचं, त्यानं कुठली गावं निळी केली, तिथली जनावरं कुठं गेली, हे विचारायला माझं तोंड उघडलं आणि मिटलं. मग मी म्हणाले की काल मी स्वतः लोणी भापकरला होते, तिथं धूळ उडतेय. सर खुर्चीत मागे रेलले. "असं करू नका हं. उद्या प्रत्येक जण आपापल्या मामाच्या गावाचा आकडा घेऊन येईल. मग आपण उपग्रह कशाला वापरायचा? माणसांवर भरवसा नाही म्हणूनच संस्था आपल्याकडं आली ना." आणि हे खरं होतं. अगदी माझ्याच विषयाच्या भाषेत खरं होतं, त्यामुळे ते जास्त लागलं. मी म्हणाले, ठीक, मग ते पाच चौकोन राखाडी करू. राखाडी म्हणजे मोजता आलं नाही. तसं झालं तर संस्थेच्या नियमानं आहे ती स्थिती चालू राहते. सरांनी तोंड वाकडं केलं. "राखाडी बघितलं की ग्राहकाला वाटतं मशीन बंद पडलंय. नकाशाला भोकं नकोत." मग ते पुढे वाकले आणि आवाज मऊ झाला, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी माया दिसली. "हे बघा, तुमच्या मामांचा चौकोन शून्य करून टाका. मी बघितलं नाही. एका चौकोनानं काही बिघडत नाही. बाकीचे चार जाऊ द्या आहेत तसे."

मी बाहेर आले. बेसिनपाशी नळ सोडून उभी राहिले, तोंडावर पाणी मारलं, आणि आरशातल्या चेहऱ्यावर राग दिसेना याचाच राग आला. किती सोपं होतं. एक आकडा खोडायचा, शून्य लिहायचं, आणि ते शून्य खोटंही नव्हतं! तिथं शून्यच पाऊस पडला होता. चांदी छावणीतच व्याली असती. मामी उसाचे तुकडे कापताना म्हणाली असती, आमच्या अंजीनं पाऊस थांबवला. आणि शेजारच्या गावातली कुणीतरी बाई, जिची भाची या मजल्यावर बसत नाही, ती आपली म्हैस दावणीची सोडून घेऊन चालत घरी गेली असती. सरांनी मला लाच दिली असती तर मी ती त्यांच्या तोंडावर फेकली असती, पण त्यांनी माया दिली होती. बुद्धविहाराच्या मागं मामाचं घर, गावाच्या टोकाला; छावणीतही त्याची दावण टोकालाच आहे, टँकर तिथं शेवटी पोचतो, आणि कुणी ओळखीचा निघाला तर एखाद्या दिवशी आधी पोचतो. मला लहानपणापासून हेच शिकवलं गेलं की शीक, म्हणजे ओळखीची गरज पडणार नाही. मी शिकले. लहरी शिकले, उत्सर्जन शिकले, बर्फाच्या स्फटिकांचे आकार शिकले. आणि सगळ्या शिक्षणाच्या शेवटी मी काय झाले? मामाची ओळख. नळ वाहत होता. मी तो बंद केला. डोकं गार होतं, एखादं समीकरण दोन्ही बाजूंनी सुटल्यावर होतं तसं: एक चौकोन शून्य करणं आणि पाच निळे ठेवणं, दोन्ही सारखंच होतं. दोन्हीकडे मोजलं काहीच जात नव्हतं.

जागेवर येऊन मी पाचही चौकोन राखाडी केले. सौरभ बघत होता. "सर म्हणाले का?" "नाही." "मग?" मी खाली कारणाची ओळ लिहिली: कालव्याच्या सिंचनाने जमीन भिजलेली, पाऊस ओळखता येत नाही. "अंजली, वेडी आहेस का? नकाशाची चाळणी झाली." मग जरा थांबून, हळूच, "निदान आमचा पट्टा तरी निळा राहू दे, तिथं चांगलं दिसतं." तो चेष्टा करत होता, पण मी त्याच्याकडं बघितलं आणि पाटाखालचे चौकोनही राखाडी केले, एकामागून एक, इंदापूरपर्यंत. तेही त्याच चुकीनं निळे झाले होते. तिथं छावण्या नव्हत्या, म्हणून ती चूक कुणाला लागत नव्हती, एवढंच. सौरभनं खुर्ची वळवली आणि आपल्या कामाला लागला. 'तपासणी'पुढं माझं नाव होतंच. मी पाठवून दिलं.

अर्ध्या तासात मानसिंग सर केबिनच्या दारात आले. ओरडले नाहीत. "मी तुम्हाला वाट काढून दिली होती," एवढंच म्हणाले, दुखावल्यासारखे, आणि पुढच्या सोमवारपासून नकाशा सौरभ पाठवेल असंही म्हणाले. सौरभनं मान वर केली नाही. मी सामान भरत नव्हते आणि कामही करत नव्हते, नुसती बसले होते, तेव्हा संस्थेच्या माधवीताईंचा फोन आला. छावण्यांचं काम त्या बघतात. आम्ही कधी भेटलो नव्हतो.

"अहो, निम्मा नकाशा राखाडी आलाय. काय समजायचं मी? पाऊस आहे की नाही?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"असं कसं माहीत नाही? तपासणीला तुमचंच नाव आहे ना?"

"तपासलं म्हणूनच माहीत नाही. उपग्रहाला पाटाचं पाणी दिसलंय. त्यातून पाऊस वेगळा काढता येत नाही."

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मागं पुण्याची रहदारी ऐकू येत होती. "उद्या मला पाच छावण्यांचं ठरवायचंय. तुम्ही बारामतीतच राहता ना? तिकडं तुमचं कुणी आहे का? विचारून सांगता का मला, पडलाय की नाही?"

घशापर्यंत आलं होतं. काल मी तिथं होते, एक थेंब नाही, गाय व्यायला आलीय, ताई, एक थेंबही नाही. हे सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, कारण आवाज चांगला होता त्यांचा. आणि पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा मलाच फोन केला असता.

"लोणी भापकरच्या छावणीत माझा मामा आहे," मी म्हणाले. "म्हणूनच तुम्ही मला विचारू नका. जाऊन बघा."

"मी?"

"तुम्हीच. तोवर छावण्या चालू ठेवाव्या लागतील, तुमचाच नियम आहे."

त्यांनी सुस्कारा टाकला. त्यात वैताग होता, आणि मला तो आवडला. कुणाला तरी निदान वैताग आला होता. "बरं. उद्या सकाळी निघते. लोणी भापकरला जाऊन येते."

"लोणी भापकरला शेवटी जा," मी म्हणाले, आणि माझा आवाज सगळ्या ऑफिसला ऐकू गेला असावा, कारण टायपिंगचा आवाज थांबला. "आधी बाकीची चार बघा."